'हस्तचित्र' आणि 'हातमाग' म्हणून विकलेल्या वस्तूंबाबत तक्रार व रक्कम परत मिळण्याची मागणी

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग,
नोंदणीकृत कार्यालय, मुंबई.

विषय: वारली चित्र, पैठणी ओढणी व तागाचा गालिचा या तीन वस्तू जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसल्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी आमच्या नाशिकच्या नव्या घरासाठी आणि भाचीच्या लग्नातील आहेरासाठी तीन वस्तू मागवल्या होत्या. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती फेर धरून होणाऱ्या नृत्याचे एक वारली चित्र, ज्याचे वर्णन 'आदिवासी भगिनींनी हाताने रंगवलेले, प्रत्येक चित्र एकमेव' असे होते, ते ६,८०० रुपयांना. 'येवल्याच्या हातमागावर विणलेली' रेशमी पैठणी ओढणी ९,५०० रुपयांना. आणि 'शंभर टक्के नैसर्गिक तागाचा' गालिचा ४,२०० रुपयांना, अशी एकूण २०,५०० रुपयांची ही खरेदी आहे. पैसे आगाऊ भरलेले असून बिल सोबत जोडले आहे. या तीनपैकी एकही वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. आपल्या ग्राहक सेवा विभागाने माझ्या ईमेलना जी ठरावीक उत्तरे पाठवली, त्यांतून तक्रार कोणी वाचली असेल असे वाटत नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्या नावे पाठवत आहे.

आधी चित्राविषयी लिहिते. वारली चित्रात गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग बांबूच्या काडीने लावला जातो आणि काडीचे टोक ठेचून वा चावून त्याचा कुंचला केलेला असतो. कागदावर किंवा कापडावर काढलेल्या चित्रातही हा पांढरा रंग वर बसलेला असतो. बोट फिरवले की त्याचा उंचवटा जाणवतो, रेष जिथे सुरू झाली तिथे जाड आणि जिथे काडीतला रंग संपत आला तिथे विरळ दिसते. आपण पाठवलेल्या चित्रात नेमके उलटे आहे. तपकिरी भागावर शाईचा गुळगुळीत थर आहे आणि पांढऱ्या आकृत्यांच्या जागी कोऱ्या कॅनव्हासची वीण उघडी दिसते. हे चित्र कॅनव्हासवर यंत्राने छापलेले आहे आणि अशा छपाईयंत्रात पांढरी शाई सहसा नसते, त्यामुळे जिथे पांढरे हवे तिथे कॅनव्हास तसाच सोडला जातो. म्हणजे या चित्रात पांढरा रंग कोणी लावलेलाच नाही. भिंगातून पाहिले असता तपकिरी रंगही निरनिराळ्या रंगांच्या बारीक ठिपक्यांचा बनलेला स्पष्ट दिसतो. त्याची जवळून काढलेली छायाचित्रे सोबत आहेत.

याहून स्पष्ट पुरावा आकृत्यांमध्येच आहे. तारपा वाजवणाऱ्याभोवती जे नर्तकांचे वेटोळे आहे, त्यातील दर तिसऱ्या स्त्रीच्या अंबाड्याला डावीकडे एक तिरका ओघळ आहे आणि तो प्रत्येक ठिकाणी त्याच लांबीचा, त्याच कोनात आहे. तीन आकृत्या काढून त्याच पुन्हा पुन्हा चिकटवत वेटोळे पूर्ण केले आहे, हे लहान मूलही सांगेल. आपल्याच संकेतस्थळावर इतर ग्राहकांनी अभिप्रायासोबत आपापल्या दिवाणखान्यातील छायाचित्रे दिली आहेत. त्या सर्व भिंतींवर हेच चित्र याच ओघळांसह टांगलेले आहे. 'प्रत्येक चित्र एकमेव' या दाव्याचे काय करायचे, हे आपणच सांगावे. आणखी एक गोष्ट नजरेस आणून देते: चित्रामागच्या लेबलवर 'डहाणू, जि. ठाणे' असे छापले आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि डहाणू तालुका तेव्हापासून त्या जिल्ह्यात आहे. ज्या गावांतून माल घेतल्याचे आपण सांगता, तेथे आपले कोणी अलीकडे जाऊन आले असते तर ही चूक राहिली नसती.

छापील चित्र घरात लावण्यात मला काही कमीपणा वाटतो असा गैरसमज कृपया करून घेऊ नये. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वतींनी सामान्य माणसाच्या घरात चित्र नेले. ज्यांना मूळ तैलचित्र परवडणे शक्य नव्हते, त्यांनी ती छापील चित्रे छापील म्हणूनच घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली. परवडणारी कला म्हणून आपण एखाद्या वारली चित्रकाराची रीतसर परवानगी घेऊन, त्याचे नाव खाली देऊन, छापील प्रत सातआठशे रुपयांना विकली असती, तर मी ती आनंदाने घेतली असती. माझा आक्षेप छपाईला नसून, हाताच्या कामाचे नाव सांगून छपाई विकण्याला आणि हाताच्या कामाची किंमत वसूल करण्याला आहे.

ओढणीच्या बाबतीतही हाच प्रकार आहे. पदराच्या गोंड्यातील एक धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि धाग्याची चुरचुरीत राख झाली, त्यामुळे निदान उभा धागा रेशमाचा आहे हे मी मान्य करते. परंतु ही ओढणी हातमागावरची नाही. हातमागावरील पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र कांडी असते, शेजारशेजारचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून नक्षी विणली जाते आणि म्हणून मोर, पोपट, कमळ उलट्या बाजूनेही जवळजवळ तसेच स्वच्छ दिसतात. पैठणी पारखताना आमच्याकडच्या बायका आधी पदर उलटतात तो यासाठीच. आपल्या ओढणीचा पदर उलटला की मोरांच्या मागे सुटे धागे लोंबताना दिसतात आणि काही ठिकाणी ते कात्रीने छाटलेले आहेत. शिवाय हातमागावर धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाऊन परत येतो, त्यामुळे आडवा धागा काठाशी वळलेला असतो. येथे तो प्रत्येक ओळीला कापलेला असून काठाला कापलेल्या टोकांची बारीक झालर राहिली आहे. बिनधोट्याच्या यंत्रमागाची ती खूण आहे. येवला आमच्याच जिल्ह्यात आहे. तेथील आमच्या परिचयाच्या एका विणकर कुटुंबाला मी ही ओढणी दाखवली, तेव्हा घरातील वृद्ध विणकरांनी ती पूर्ण उलगडण्याचीही वाट पाहिली नाही. "ही सेमी आहे, ताई," एवढेच ते म्हणाले (सेमी म्हणजे यंत्रमागावरची पैठणी) आणि तशी ओढणी तिथल्या दुकानात साधारण काय भावाने मिळते तेही त्यांनी सांगितले. तो भाव आपल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी आहे.

यंत्रमागावरचे कापड म्हणजे खोटा माल, असे मी मानत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील हजारो घरे त्या मागांवर चालतात आणि रोजच्या वापरासाठी आम्हीही तेच कापड घेतो. हातमागाचे कापड ओळखता यावे म्हणून केंद्र सरकारने २००६ पासून 'हँडलूम मार्क' आणि शुद्ध रेशमासाठी त्याआधी 'सिल्क मार्क' सुरू केला आहे. आपल्या ओढणीवर दोहोंपैकी एकही चिन्ह नाही. पैठणीला आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्यांच्याकडून आपण माल घेतला, ते त्या मानांकनाचे नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ते आहेत का, असे मी ईमेलने विचारले होते. त्याच्या उत्तरादाखल मला ओढणी कशी धुवावी याच्या सूचना मिळाल्या.

गालिच्याविषयी फार लिहीत नाही. ताग जळताना कागदासारखा जळतो आणि मागे राख राहते. या गालिच्याचा धागा वितळला, प्लॅस्टिकचा वास आला आणि त्याची काळी कडक गोळी झाली. वेष्टनावर उत्पादकाचे नाव नाही, निर्मितीचा देशही नाही. 'शंभर टक्के नैसर्गिक, मातीत मिसळून जाणारा' असा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसंबंधी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे.

आता आपल्या ग्राहक सेवेने जी उत्तरे दिली त्यांविषयी. मी वस्तू परत घेण्याची विनंती केली, तेव्हा 'हस्तनिर्मित वस्तूंमध्ये थोडाफार फरक असणारच, तेच त्यांचे सौंदर्य आहे. या कारणास्तव अशा वस्तू परत घेतल्या जात नाहीत' असे कळवण्यात आले. फरक आहे ही माझी तक्रारच नव्हती. चित्रात कणभरही फरक नाही, ही माझी तक्रार होती. त्यानंतर पाचशे रुपयांचे कूपन देऊ करण्यात आले, जे आपल्याच संकेतस्थळावर पुढील खरेदीसाठी वापरायचे होते. ते मी स्वीकारलेले नाही. दरम्यान चित्राच्या पानावरील 'हाताने रंगवलेले' हे शब्द गुपचूप काढून तेथे 'आदिवासी हस्तकलेपासून प्रेरित' असे लिहिण्यात आले आहे आणि किंमत मात्र होती तीच आहे. खरेदीच्या दिवशीच्या पानाचा आणि आताच्या पानाचा, असे दोन्ही स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. माझ्या तक्रारीत तथ्य नव्हते तर मजकूर बदलण्याचे कारण काय, आणि तथ्य होते तर मला कूपन कशासाठी, याचा खुलासा व्हावा.

या सगळ्यात मला सर्वाधिक खटकलेली गोष्ट चित्राच्या खोक्यातील कार्ड ही होय. त्यावर एका आदिवासी स्त्रीचे छायाचित्र असून 'आपल्या खरेदीमुळे माझ्या घरची चूल पेटली' असे वाक्य आहे. नाव नाही, गाव नाही. आपल्या संकेतस्थळावर किमतीचा ४० टक्के वाटा थेट कारागिराला मिळत असल्याचेही नमूद आहे. त्या हिशेबाने माझ्या चित्राचे २,७२० रुपये कोणाला तरी मिळाले असले पाहिजेत. ते कोणाला मिळाले? मूळ तीन आकृत्या ज्या कोणी काढल्या, त्या व्यक्तीला त्यांच्या प्रत्येक छापील प्रतीमागे काही मिळते का? कार्डावरील स्त्रीला आपले छायाचित्र कोठे वापरले जात आहे याची कल्पना आहे का? जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतामुळे वारली चित्रकला जगभर पोहोचली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; त्या परंपरेतील आज काम करणारे चित्रकार चित्राखाली आपले नाव लिहितात आणि त्यांना त्याचा अधिकारही आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर एका इटालियन फॅशन घराण्याने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला कोल्हापूरचा उल्लेखही न करता सादर केल्या, तेव्हा आपल्या कंपनीने समाजमाध्यमांवर कारागिरांच्या श्रेयाची बाजू मोठ्या आवेशाने मांडली होती. ती नोंद मला आवडली होती आणि आपल्याकडे खरेदी करण्यामागे तेही एक कारण होते. तोच न्याय आपल्या गोदामाला लावावा, एवढेच म्हणणे आहे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच देणे आणि एक महिन्याच्या आत तक्रारीचे निवारण करणे आपणांवर बंधनकारक आहे. जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म वस्तूत नसतील तर ती परत घेण्यास नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. 'हस्तनिर्मित वस्तू परत घेतल्या जात नाहीत' ही आपली अट त्यापुढे टिकणारी नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात आपल्या तीनही पानांवरील मजकूर बसतो, असे माझे मत आहे.

तरी माझी मागणी अशी की, तिन्ही वस्तू आपल्या खर्चाने आमच्या घरून नेण्याची व्यवस्था करून २०,५०० रुपये ज्या बँक खात्यातून भरले त्याच खात्यात जमा करावेत. कूपन किंवा संकेतस्थळावरील शिल्लक या स्वरूपात रक्कम मी स्वीकारणार नाही. ओढणी आणि गालिचा यांच्या पानांवरील वर्णन दुरुस्त करावे आणि ज्या ग्राहकांनी हे चित्र 'हाताने रंगवलेले' म्हणून घेतले, त्यांना खरी वस्तुस्थिती कळवून परताव्याचा पर्याय द्यावा. तसेच या चित्रापोटी कोणत्या कारागिराला किंवा संस्थेला किती रक्कम दिली, याचा लेखी तपशील मला पाठवावा. त्या व्यक्तीचे नाव जाहीर करण्यास तिची संमती नसेल तर नाव झाकून पावतीची प्रत दिली तरी चालेल.

वस्तू नेण्यासाठी येणाऱ्या व्यक्तीने आदल्या दिवशी दूरध्वनी करावा. तिन्ही वस्तू मूळ वेष्टनात बांधून ठेवल्या आहेत. गालिच्याचा आणि ओढणीच्या गोंड्याचा चाचणीसाठी काढलेला धागा वगळता त्यांना कोठेही धक्का लागलेला नाही आणि चित्र भिंतीवर लावलेले नाही. विहित मुदतीत निवारण न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि मी राहते त्या नाशिक जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे ई-जागृती पोर्टलवरून प्रकरण दाखल करीन. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही. त्या प्रकरणात परताव्याबरोबर मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागण्यात येईल.

सोबत: बिलाची प्रत, तिन्ही वस्तूंच्या पानांचे स्क्रीनशॉट, चित्राची व ओढणीच्या उलट बाजूची छायाचित्रे, खोक्यातील कार्डाची प्रत आणि ग्राहक सेवेशी झालेला ईमेल व्यवहार.

कळावे,
आपली विश्वासू,
(ग्राहकाची सही)
नाशिक