गप्प निवेदकाला ‘तटस्थ’ म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कादंबरीतल्या निवेदकांवर आलेला लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना एका वाक्याशी अडखळलो, म्हणून दुसऱ्यांदा. कमी बोलणारा, कडेला उभा राहून बघणारा निवेदक म्हणजे लेखकानं मांडून ठेवलेला कॅमेरा, तो तटस्थ असतो आणि म्हणूनच पात्र म्हणून कच्चा राहतो, असा त्या वाक्याचा आशय. बाकी लेख चांगला आहे. पण हे काही गळी उतरलं नाही, आणि त्याचं कारण थोडं खासगी आहे.

माझी नोकरी लघुलेखकाची होती. 31 वर्षं बैठकांमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून इतिवृत्तं लिहिली. बैठकीत ज्यानं अवाक्षर काढलेलं नसतं, त्याच्याच शब्दांत ती बैठक पुढे उरते, हा त्या खुर्चीचा अनुभव. दोन साहेब अर्धा तास तावातावानं भांडतात, हातघाईवर यायचे तेवढे बाकी राहतात, आणि कागदावर येतं : ‘सविस्तर चर्चा झाली.’ कुणी केली, कोणत्या आवाजात केली, मध्येच कोण उठून गेलं, याचा पत्ता नाही. त्या तीन शब्दांत खोटं एक अक्षरही नाही. लोकांना मी तटस्थ वाटायचो. माझी पेन्सिल कुठल्या वाक्यापाशी थबकली आणि कुठल्या वाक्यावरून सरळ पुढे गेली, हे फक्त मला माहीत.

म्हणून कादंबरीत असा गप्प माणूस भेटला, की मी आधी त्याची पेन्सिल कुठे थबकते ते बघतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तर घ्या. 1955 सालची कादंबरी. धनगरांच्या लहानशा वाडीवर एक पोरसवदा शिक्षक येतो आणि जे दिसतं ते सांगत जातो. शेकूकडे एकच बैल उरतो, तेव्हा दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जुवाखाली खांदा देते. हे वाचलेला माणूस ते विसरत नाही. पण हा प्रसंग सांगताना मास्तर गरिबीवर प्रवचन झोडत नाही. एखाद्या हळव्या निवेदकानं तिथे दोन पानं डोळे पुसले असते आणि त्याच्या रुमालाआड ती बाई दिसेनाशी झाली असती. मास्तर बाजूला सरकतो म्हणून आपल्याला ती दिसते. असं नेमक्या वेळी बाजूला सरकणं कॅमेऱ्याला जमत नाही. त्याला माणूस लागतो, आणि तोही बऱ्यापैकी संयमी.

शिवाय हा मास्तर नुसता बघत बसत नाही. तो वाडीच्या भानगडींत पडतो, तालमीचं काम अंगावर घेतो, माणसं गोळा करतो. वाडीही त्याला न्याहाळत असते. अंजी नावाच्या मुलीवरून कारभारी, म्हणजे वाडीचा प्रमुख, त्याच्याविषयी मनात अढी धरतो, तेव्हा बघणाऱ्यावरही कुणाचे तरी डोळे आहेत हे कळतं. आणखी एक गोष्ट. वाडीतली माणसं बोलतात माणदेशी आणि मास्तर सांगतो पुस्तकी मराठीत. त्याला वाडीचा कितीही लळा लागला, तरी हे अंतर शेवटपर्यंत राहतं. दुष्काळ पडून वाडी उठून जाते, शाळेत मुलं उरत नाहीत, तेव्हा तो तिथला होता की पाहुणा, याचं उत्तर त्यानं कुठे सांगितलेलं नाही. ते त्याच्या भाषेत पहिल्या पानापासून आहे. गाइडमधलं उत्तर मात्र पिढ्यान् पिढ्या तेच : ‘निवेदक तटस्थ निरीक्षक आहे.’ गुण किती, तर चारापैकी तीन!

आता बाहेरचं उदाहरण घेतो, कारण त्यात गप्प बसण्याची किंमत फार उघडी दिसते. फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’, 1925. निक कॅरावे हा तिचा निवेदक. कुणाविषयी झटकन मत बनवायचं नाही अशी आपली सवय असल्याचं तो पहिल्याच पानावर सांगतो. पुढे सबंध कादंबरीभर तो मतंच देत सुटतो. आपण प्रामाणिक माणसांपैकी आहोत हेही तो स्वतःच सांगतो. (जो माणूस हे स्वतः सांगतो, त्याचं इतिवृत्त मी दोनदा तपासायचो.) आणि तो नुसता साक्षीदार आहे असं म्हणावं, तर गॅट्सबी आणि त्याची जुनी प्रेयसी डेझी यांची इतक्या वर्षांनंतरची भेट त्याच्याच घरी, त्यानंच चहाला बोलावल्यामुळे होते. आगीपासून लांब बसलेल्या या माणसानं काडी स्वतःच पुरवलेली असते.

तरी मला त्याच्यातल्या दोन जागा जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली हॉटेलातल्या त्या भांडणाची. डेझीचा नवरा टॉम आणि गॅट्सबी एकमेकांसमोर उभे ठाकतात, सगळं मोडून पडतं, आणि सारं संपल्यावर निकला आठवतं की आज आपला वाढदिवस. तिशी लागली. दुसऱ्यांची आयुष्यं बघण्यात हा माणूस इतका बुडालेला, की स्वतःच्या आयुष्याची तारीख त्याला भांडण विझल्यावर आठवते. लेखकानं त्याला एकटा, एकाकी असं काही म्हटलं नसतं तरी चाललं असतं, तो वाढदिवस पुरेसा आहे.

दुसरी जागा शेवटाकडची. टॉम त्याला रस्त्यात भेटतो. टॉमची प्रेयसी मर्टल गाडीखाली मेलेली असते. तिच्या अंगावर गाडी गॅट्सबीनंच घातली अशी टॉमची समजूत आहे. गाडी डेझी चालवत होती हे निकला माहीत आहे. तो बोलत नाही. टॉमशी हात मिळवतो आणि निघून जातो. आपल्याला, म्हणजे वाचकांना, त्यानं खरं केव्हाच सांगितलेलं असतं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलेलं नाही. असा निवेदक वाचकाशी प्रामाणिक आणि कथेतल्या माणसांशी मुका असतो. ही फट एकदा दिसली, की सगळी कादंबरीच त्याचा कबुलीजबाब वाटू लागते. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता दोनशे पानं बोलतोय!

मग प्रश्न येतो की असा निवेदक स्वतःविषयी काहीच सांगत नसेल, तर त्याला पकडायचं कसं? एक वाट म्हणजे समोरची माणसं त्याला काय म्हणतात ते ऐकायचं. काझुओ इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’मध्ये (1989, त्याच वर्षीचं बुकर) स्टीव्हन्स हा बटलर बोलतो. बडी मंडळी जमली आहेत, परिषद चालू आहे, आणि वर खोलीत त्याचे वडील वारले आहेत. तो खाली पाहुण्यांना पेयं देतोय. आपल्याला काय वाटलं याविषयी शब्द नाही. मग त्याचे धनी त्याला म्हणतात, की स्टीव्हन्स, तू रडत असल्यासारखा दिसतोस. तो हसतो, चेहरा पुसतो, दिवसभराचा ताण म्हणतो. पहिल्यांदा वाचताना मी तिथून मागे गेलो, आधीची दोन पानं पुन्हा चाळली. रडण्याचा मागमूस नाही. निवेदकानं गाळलेली ओळ दुसऱ्या पात्राच्या तोंडून परत आली होती.

दुसरी वाट व्याकरणाची. आपल्या समीक्षेत तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही याचं मला आश्चर्य वाटतं, कारण गप्प निवेदकासाठी मराठीसारखी सोयीची भाषा विरळा. ‘पाहिलं’ म्हणा. कुणी पाहिलं? मी, त्यानं, तिनं, त्यांनी, क्रियापद जागचं हलत नाही. कर्ता वाक्यातून काढून घेतला तरी वाक्य उभं राहतं. ‘दार उघडलं.’ आपोआप उघडलं की मीच उघडलं? निवेदकाला सांगायचं नसेल तर त्याला खोटं बोलावं लागत नाही, व्याकरण त्याला पाठीशी घालतं. पण तोच निवेदक उठून चालू लागला की पंचाईत होते. ‘निघालो’ किंवा ‘निघाले’ म्हणावंच लागतं, आणि तो की ती हे उघडं पडतं. म्हणून एखाद्या परिच्छेदात ‘पाहिलं, ऐकलं, ठेवलं, मिटलं’ अशी रांग लागली आणि निवेदक कुठेच ‘गेलो, बसलो, थांबलो’ म्हणत नसेल, तर तो मुद्दाम लपलाय का हे बघायला हवं.

त्यातही ‘न बोलण्या’ची रूपं बघा. ‘मी बोललो नाही’ म्हणणारा माणूस जबाबदारी घेतो. ‘मला बोलता आलं नाही’ म्हणणारा परिस्थितीकडे बोट दाखवतो. ‘माझ्याच्यानं बोलवेना’ यात सहानुभूतीची मागणी आहे. आणि ‘बोलायचं राहून गेलं’ हे तर सगळ्यांत गोड. छत्री विसरावी तसं. एकच मौन आणि चार माणसं. निकचा तो हस्तांदोलनाचा प्रसंग मराठीत आणायचा, तर या चारांतलं कोणतं रूप निवडायचं यावर अनुवादकाची रात्र जावी. मी असतो तर पहिलं घेतलं असतं. निकनं स्वतः बहुधा दुसरं घेतलं असतं.

‘म्हणे’चंही तेच. ‘ती रात्री परत आली’ आणि ‘ती रात्री परत आली म्हणे’ यांत एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात निवेदक जागा होता आणि दुसऱ्यात त्याला कुणीतरी सांगितलं. बारकाईनं बघणारा निवेदक ‘म्हणे’ जपून वापरतो. जो माणूस प्रत्येक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो आणि एकाच ठिकाणी ‘म्हणे’ घालतो, त्या ठिकाणी तो खरोखर हजर नव्हता की हजर असून नाकारतोय, हे शोधत मागची पानं उलटावीत.

इतकं असूनही प्रत्येक गप्प निवेदक खोलच असतो, असं माझं म्हणणं नाही. काही कादंबऱ्यांत लेखकाला सुचत नाही म्हणून निवेदक गप्प असतो. खिडकीत उभा राहून पाऊस बघतो, सिगारेट पेटवतो, पुन्हा पाऊस बघतो. तिथे शोधण्यासारखं काही नसतं. गाळलेलं वाक्य मुळात कुणी उच्चारलेलं असावं लागतं.

लघुलेखनाची वही मी निवृत्तीच्या दिवशी परत केली, पण एक पान आठवणीत आहे. एका बैठकीत एका कनिष्ठ सहकारी बाईंनी एका खरेदीला हरकत घेतली. मोजून दोन वाक्यं बोलल्या, आकड्यांसकट. अध्यक्ष हसले, म्हणाले, बाई, पुढचा विषय घेऊ या. मी त्यांची दोन्ही वाक्यं चिन्हांत उतरवली होती. संध्याकाळी टंकलिखित करताना लिहिलं : ‘चर्चेअंती एकमताने मंजूर.’ तसं लिहा असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रत फिरली. बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, माझी दोन वाक्यं कुठं गेली?” मी त्यांना सांगितलं, “बाई, घ्यायची राहून गेली.”

लेख लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार कळवावा. पुढच्या लेखात त्यांनी ‘बनगरवाडी’ पुन्हा घेतली तर आनंद होईल. त्या वेळी मास्तर काय बघतो याबरोबर तो कोणती क्रियापदं वापरतो तेही त्यांनी मोजावं. मी माझ्या प्रतीत पेन्सिलनं खुणा करायला सुरुवात केली आहे, तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोहोचलोय.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक