टॉर्कचा आकडा एकटा छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रोटरी इंजिनावर (पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो ते) लेख आला, वाचून फार बरं वाटलं, मराठीत हा विषय कोण घेतं! पण 'या इंजिनात टॉर्कच नाही, म्हणून रेसिंगला उपयोग नाही' हे काही पटलं नाही (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर). सातपूर-अंबडच्या गॅरेजमध्येही हेच ऐकू येतं म्हणून लिहितोय.

माझदाची आरएक्स-८ घ्या. इंजिन १.३ लिटरचं, अमेरिकेतल्या मॉडेलची पॉवर ८५०० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला एवढे फेरे) २३२ हॉर्सपॉवर आणि टॉर्क फक्त २१६ न्यूटन मीटर. आपल्या नाशकात बनलेल्या १४० हॉर्सपॉवरच्या डिझेल स्कॉर्पिओचा टॉर्क ३२०. झालं, लोक म्हणतात स्कॉर्पिओ भारी. अहो पण इंजिनाचा टॉर्क चाकाला थेट मिळतो का, मधे गिअर आहेत ना. दोन्ही गाड्या एकाच स्पीडला आणि फुल पॉवरवर आहेत असं धरा, रोटरी ८५०० वर, डिझेल ३७५० वर, म्हणजे रोटरीला सव्वादोन पट खालचा गिअर चालतो. एवढ्या आरपीएमला तिचा टॉर्क १९५ च्या आसपास उरतो पण त्याला सव्वादोनने गुणलं की ४४० च्या घरात जातो, आणि डिझेलचा तिथे २६६. आता सांगा कोण पुढे जाईल.

एवढं फिरणं तिला झेपतं कारण पिस्टनसारखं वर जाऊन थांबायचं, परत खाली यायचं ही भानगडच नाही. शाफ्टचे तीन फेरे झाले की रोटरचा एक होतो, आरपीएमचा काटा ९००० वर असला तरी आत रोटर ३००० नेच फिरतोय. १९९१ ला ले मान्सची २४ तासांची रेस माझदाने चार रोटरच्या ७८७बी ने जिंकली ती याच प्रकारच्या इंजिनावर.

अडचण आहे, ती वेगळीच. हौशी ड्रायव्हर रोजच्या सवयीने हेअरपिनला, म्हणजे एकदम उलट फिरणाऱ्या वळणाला, तिसऱ्या गिअरमध्येच राहतो, काटा ४००० च्या खाली येतो आणि मग गाडी उचलतच नाही, दोष मात्र इंजिनाला. तिथे दुसरा टाकायचा, गरज पडली तर पहिला, आणि काटा वरच ठेवायचा. पेट्रोल जास्त पितं, ऑइलही जाळतं, एपेक्स सीलची (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांची) काळजी घ्यावी लागते, हे लेखात आलंय ते बरोबरच आहे.

आपल्या भागात रॅलीचं वेड असलेली पोरं खूप आहेत आणि ती तुमचा पेपर वाचतात. पुढच्या वेळी टॉर्कच्या शेजारी तो कितव्या आरपीएमला मिळतो हे छापा, आणि जमलं तर पॉवरचा ग्राफही द्या.

आपला नियमित वाचक,
सातपूर, नाशिक