मलमाच्या डबीवर तारीख लिहायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुमच्याकडे पाठवता आले असते. पण घरी मलम आणि स्प्रे बनवणारे माझ्यासारखे खूप जण आहेत. तुम्ही मला जे शिकवलेत ते त्यांच्याही उपयोगाचे आहे, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे.

औषधनिर्माणशास्त्रात तुमचे उभे आयुष्य गेले. घरगुती मलमाचे विचारायला आलेल्या बाईला ‘विकतचे आणा’ म्हणून वाटेला लावणे तुम्हाला सोपे होते. ‘नैसर्गिक आहे ना, मग काही होत नाही’ असे म्हणून तुम्ही मला खूशही करू शकला असता. तुम्ही मात्र अख्खी कृती ग्रॅममध्ये लिहून काढायला लावलीत आणि एकच प्रश्न विचारलात: यात पाणी कुठे आहे?

त्या प्रश्नाने माझे सगळे काम दोन भागांत विभागले गेले. एका बाजूला निव्वळ तेल आणि मेण यांचे मलम. त्यात पाणीच नसते, त्यामुळे जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला वाव मिळत नाही. दुसऱ्या बाजूला गुलाबपाणी, कोरफडीचा गर, काढे, पाण्यातले स्प्रे. यांत जंतूंना हवे ते सगळे आयते मिळते. द्रव आरशासारखा स्वच्छ दिसत असला, वासही चांगला येत असला, तरी त्यात जंतू भरपूर असू शकतात, हे तुम्ही सांगेपर्यंत मला कुणीही सांगितले नव्हते. डिस्टिल्ड वॉटर वापरले म्हणजे निश्चिंत, असेही नाही. स्यूडोमोनाससारखे जिवाणू तेवढ्यावरही तग धरतात.

मग व्हिटॅमिन ई. कितीतरी कृतींमध्ये ते ‘टिकण्यासाठी’ म्हणून घातलेले असते. तेल खवट होणे हे हवेतल्या ऑक्सिजनचे काम, आणि स्प्रे नासणे हे जंतूंचे. व्हिटॅमिन ई पहिल्याचा वेग कमी करते, दुसऱ्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. पाणी असलेल्या गोष्टीला खरे प्रिझर्व्हेटिव्हच, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारे द्रव्यच लागते आणि तेही मोजून. फिनॉक्सिएथेनॉल १ टक्क्याच्या वर न्यायचे नाही. सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट घ्यायचे तर मिश्रण आम्लधर्मी हवे, कारण सामू (पीएच) ५ च्या वर चढू लागला की त्यांचा जोर ओसरतो. सामू तपासायच्या पट्ट्या मी तेव्हापासून वापरते. ज्याला यात पडायचे नसेल त्याने पाण्याचा स्प्रे अगदी थोडा करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि काही दिवसांत संपवावा किंवा टाकून द्यावा, हा तुमचा सल्ला मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला देते.

प्रिझर्व्हेटिव्ह हा शब्द ऐकून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना मी कळकळीने सांगते की सोललेल्या, चिरलेल्या त्वचेवर जंतूंनी भरलेला फवारा मारण्यापेक्षा ती मोजलेली चिमूट कितीतरी बरी.

मलमाची बाजू सोपी निघाली, पण तिथेही तुम्ही शिस्त लावलीत. तेलात मुरवायच्या पाकळ्या कडकडीत वाळलेल्या हव्यात, कारण ओल्या पाकळीतून पाणी मागच्या दाराने शिरते. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून भांडे थेट आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवायचे. एक भाग मेणाला चार भाग तेल घेतले की घट्ट मलम होते, पाच-सहा भाग घेतले की मऊसर. डब्या धुऊन, पूर्ण वाळवून, ७० टक्के अल्कोहोलने पुसायच्या. ९९ टक्क्यांचे अल्कोहोल चटकन उडून जाते आणि जंतूंना मारायला थोडे पाणीही लागते, हे कारण तुम्ही सांगितल्यामुळे तो आकडा माझ्या कायमचा लक्षात राहिला. आणि हे पुसण्याचे काम पेटत्या शेगडीपासून लांब.

सुगंधी तेलांबाबत तुम्ही सर्वांत कडक होता आणि त्याबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे. ती थेंबांत न मोजता वजनावर घ्यायची, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. १०० ग्रॅम मलमात १ ग्रॅम अंगासाठी पुरेसे, चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे. पाण्यात ती विरघळत नाहीत. बाटली हलवली तरी क्षणभरच मिसळल्यासारखी दिसतात आणि मग एखाद्या फवाऱ्यात निखळ तेलच त्वचेवर येते. पॉलिसॉर्बेट २० सारखे विरघळवणारे द्रव्य त्यासाठीच असते. सालीतून दाबून काढलेले बर्गमॉटचे किंवा लिंबाचे तेल लावून उन्हात गेले तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. टी ट्री किंवा लव्हेंडरच्या तेलाची बाटली जुनी झाली, वारंवार उघडली गेली, की हवेने त्यात जे बदल होतात त्यातून ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. महाग तेल टाकवत नाही, पण टाकायचे.

तुमचे ‘नाही’ हेही मला मिळालेले शिक्षणच होते. घरी सनस्क्रीन करायचे नाही. झिंक ऑक्साइड सगळीकडे सारखे पसरले का आणि त्याने किती संरक्षण मिळते, हे घरी तपासताच येत नाही. ताज्या भाजलेल्या जागेवर मलम नाही. आधी २० मिनिटे थंड वाहते पाणी, मग गरज असेल तर डॉक्टर. खोल जखमेवर काही नाही. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ पुदिना, निलगिरी, कापूर नाही. चेहऱ्यावर थेट फवारा नाही. तळहातावर घेऊन लावायचे, म्हणजे डोळ्यांत आणि श्वासात जात नाही. प्रत्येक ‘नाही’मागचे कारण तुम्ही सांगितलेत, म्हणून मला ते दुसऱ्याला पटवताही येते.

साठवणीबद्दल थोडक्यात लिहिते. गडद काचेच्या लहान डब्या, थंड आणि अंधारी जागा, न्हाणीघरातले कपाट नको. ओले बोट मलमात घालायचे नाही, कोरडा चमचा वापरायचा. डबीवर घटक, वजन, बनवल्याची तारीख. जवस किंवा गुलाबफळाच्या बियांचे तेल लवकर खवट होते, खोबरेल बरेच टिकते, तेव्हा टाकायची तारीख तेलाप्रमाणे बदलते. कुणालाही डबी देण्याआधी त्याने हाताच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहायची. बदाम-शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे मी आधीच विचारते.

ताई, माझ्या घरच्यांची त्वचा हा तुम्ही तुमच्या घरच्यांच्या त्वचेइतकाच काळजीचा विषय मानलात. एकही प्रश्न तुम्हाला खुळचट वाटला नाही. संध्याकाळी दमलेल्या असतानाही माझ्या कृतींच्या कडेला पेन्सिलीने टिपणे काढून दिलीत. त्यासाठी मनापासून आभार.

एक विनंती आहे. ती टिपणे मला स्वच्छ अक्षरात उतरवून, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मैत्रिणींना द्यायची आहेत. कच्चा मसुदा पुढच्या आठवड्यात घेऊन येते. प्रिझर्व्हेटिव्हच्या पानावरचे आकडे तुम्ही एकदा तपासून दिल्याशिवाय मी ते कुणाच्या हाती देणार नाही.

तुमची विद्यार्थिनी