ओढ्याकाठी मुलांना घेऊन जाताना

संपादक महोदय,

ओढ्याकाठच्या पायवाटेवर मुलांना न्यायचे ठरले की, बहुतेक जण आपल्या चालीचा हिशेब धरतात. तिथेच चुकते. मोठी माणसे तासाला चार-पाच किलोमीटर चालतात. पाच वर्षांचे मूल दगड, पाने, बेडूक पाहत जेमतेम दोन. म्हणून जाऊन-येऊन तीन किलोमीटर पुरे, आणि परत फिरण्याची जागा नव्हे, वेळ ठरवावी. दोन तास हाताशी असतील तर पन्नास मिनिटांनी मागे वळावे, कारण परतताना पाय दमलेले असतात. माणशी अर्धा लिटर पाणी, थोडा खाऊ आणि कोरडे मोजे एवढे न्यावे. बाबागाडी मुळांत अडकते, तान्ह्याला झोळीत घ्यावे.

खरी काळजी पाण्याची. डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी वर डोंगरात पाऊस पडला की ओढा अचानक चढतो. पाणी गढूळ झाले, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा खळखळ वाढली, तर सामान आवरत न बसता लगेच उंचावर जावे. वीतभर खोल पण वेगवान पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलते. शेवाळलेला दगड कोरडा दिसला तरी निसरडा असू शकतो. चपलांऐवजी खाचांच्या तळव्याचे बूट हवेत आणि मूल पाण्याजवळ असताना एका मोठ्याने हाताच्या अंतरावरच राहावे, मोबाइल खिशात ठेवून.

– एक वाचक