जुन्या ‘थ्री सिरीज’चा खरा खर्च

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वाहन पुरवणीत जुन्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी-क्लास आणि ऑडी ए४ यांची तुलना वाचली. शून्य ते शंभर किती सेकंदांत, अश्वशक्ती किती, सनरूफ आहे की नाही, हे सगळे तक्ते नव्या गाडीसाठी ठीक. आठ-दहा वर्षांची गाडी नव्या क्रेटाच्या भावात घ्यायला निघालेल्याने आधी दोनच गोष्टी विचाराव्यात : इंजिन कुठले आणि गिअरबॉक्स कुठला.

२०१२ साली भारतात आलेल्या थ्री सिरीजच्या ३२०डी मध्ये १८४ अश्वशक्तीचे एन४७ डिझेल इंजिन होते. पुढे सुधारित मॉडेलला १९० अश्वशक्तीचे बी४७ मिळाले. दोघांचीही टायमिंग चेन (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी-मिटणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे तिला हात घालायचा तर गिअरबॉक्स उतरवणे आले. एन४७ ची चेन सैल पडण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. ऑइल बदलायला उशीर झालेल्या गाड्यांत धोका जास्त. म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवावा. कोमट लागले तर सरळ परत फिरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड इंजिन सुरू करून १५०० आरपीएमपर्यंत न्यावे आणि केबिनकडच्या बाजूने कान द्यावा. साखळी पत्र्यावर घासल्यासारखा आवाज आला तर भाव करत बसू नये. पेट्रोल ३२८आय मधल्या एन२० इंजिनात चेनला जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या (गाइड) झिजून तुटतात आणि तुकडे ऑइल पॅनमध्ये पडतात. हा दोष २०१५ च्या आधीच्या गाड्यांत मुख्यतः दिसतो.

थ्री सिरीजमधला झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स मात्र भरवशाचा आहे. त्याची वाट लागते ती ‘यातले ऑइल आयुष्यभर चालते’ या समजुतीमुळे. खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असल्याने पूर्ण पॅन बदलावा लागतो. आपल्याकडच्या गॅरेजांत चूक होते ती ऑइलची लेव्हल करताना. इंजिन बंद ठेवून भरायच्या बोल्टातून ऑइल ओघळेपर्यंत भरतात आणि झाकण लावतात. इंजिन सुरू होताच पंप ऑइल ओढतो, पॅनमध्ये कमी पडते, आणि काही हजार किलोमीटरमध्ये सिग्नलला थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना झटका बसू लागतो. लेव्हल इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, ऑइलचे तापमान ३० ते ५० अंश असतानाच करायची. तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रावर, दिसते. स्कॅनर न जोडता हे काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नये. बॅटरीचेही तसेच : नवी बसवल्यावर संगणकात नोंद केली नाही, तर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करते आणि बॅटरी लवकर बसते.

ए४ बद्दल थोडक्यात. जुन्या बी८ पिढीतल्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत मल्टिट्रॉनिक सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) येतो; त्याचे ऑइल ६० हजार किलोमीटरला बदलल्याची पावती नसेल तर गाडी सोडून द्यावी. त्याच पिढीतले १.८ टीएफएसआय पेट्रोल इंजिन ऑइल पिते, कारण पिस्टनवरच्या ऑइल रिंगांची भोके बारीक असून काजळीने बुजतात. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरहून जास्त लागत असेल तर पिस्टन-रिंगांचा खर्च धरूनच बोलावे. नंतरची बी९ शहरात फार सुखाची आहे, पण १.४ लिटरच्या त्या गाडीला स्पोर्ट्स सेदान म्हणायला जीभ रेटत नाही. सी-क्लासमध्ये (डब्ल्यू२०५ पिढी) आराम आहे, फक्त स्टेपनी डिकीत ठाण मांडून बसते आणि सामानाची जागा खाते.

डिझेल घेणाऱ्याने स्वतःचा रोजचा रस्ता पाहावा. दादर ते परळ एवढेच जाणे-येणे असेल तर डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला लागणारी सलग पंधरा-वीस मिनिटांची धाव गाडीला मिळत नाही. काजळी जाळण्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांत जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. स्कॅनरवर काजळी आणि राख असे दोन वेगळे आकडे मागावेत. काजळी जळते, राख जळत नाही. राखेचा आकडा मोठा म्हणजे फिल्टर काढून साफ करणे किंवा बदलणे आले. शिवाय २०१८ मध्ये दक्षिण कोरिया आणि युरोपात आगीच्या घटनांनंतर बीएमडब्ल्यूने ईजीआर कूलरसाठी (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन आपल्या गाडीचे असे काही काम बाकी आहे का, हे अधिकृत डीलरकडे विचारता येते.

बीएमडब्ल्यूचे रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जातात, पण त्यांच्या कडा कडक असतात. खड्ड्यात टायरला फुगा येतो, रिम वाकते. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायरांचे आकडे वाचावेत. साधे टायर टाकले तर पंक्चर किट किंवा स्टेपनी बाळगावी लागते.

शेवटी कागद. दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात महाराष्ट्रात येतात. इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि राज्याचा मोटार वाहन करही भरावा लागतो. तो आकडा आरटीओकडून काढून गाडीच्या किमतीत आधीच मिळवावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद पाहावी, आणि मूळ आरटीओची नाहरकत हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.

आपला,
एक वाचक, चिंचवड