गिटचा क्लायंट निवडण्याआधी गटातली सगळी यंत्रे पाहा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नवे सत्र सुरू झाले की इंदूरच्या अभियांत्रिकी आणि बीसीए-एमसीए महाविद्यालयांत प्रोजेक्टचे गट पडतात. गटात दोघांकडे विंडोज, एकाकडे उबुंटू, एखाद्याकडे मॅक, आणि लॅबमध्ये पुन्हा विंडोज. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली, सगळ्यांनाच लागते, पण टर्मिनलवर कमांड टाइप करायला फारसे कोणी राजी नसते. मग जो तो मनाला येईल तो ग्राफिकल क्लायंट (गिट बटणांनी चालवण्याचे सॉफ्टवेअर) उतरवून घेतो. विजयनगरातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांतही हेच चालते. क्लायंट गटाने मिळून ठरवावा, आणि तो गटातल्या प्रत्येक यंत्रावर चालणारा असावा, यासाठी हे पत्र.

पहिल्या चाळणीतच बरीच प्रसिद्ध नावे गळतात. टॉर्टॉइजगिट फक्त विंडोजवर चालते. सोर्सट्री, फोर्क आणि टॉवर विंडोज व मॅकवर चालतात, लिनक्सवर नाहीत. गिटहब डेस्कटॉपची अधिकृत आवृत्तीही याच दोन प्रणालींसाठी आहे. लिनक्सवर जी मिळते ती इतरांनी सांभाळलेली वेगळी शाखा. तिन्हीकडे चालणारे उरतात ते गिटक्रॅकन, स्मार्टगिट, सब्लाइम मर्ज, गिट कोला, व्हीएस कोडमधली गिटची सोय आणि गिटसोबतच येणारे गिट गुई व गिटके. शेवटचे दोन उबुंटूवर वेगळे इन्स्टॉल करावे लागतात.

यांत गिटक्रॅकन दिसायला सर्वांत देखणे. पण त्याच्या मोफत आवृत्तीत सर्व्हरवरचा खासगी रेपो (प्रोजेक्टच्या फायली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास यांचा साठा) हाताळता येत नाही, आणि कॉलेजचे प्रोजेक्ट बहुधा खासगीच असतात. शिवाय ते इलेक्ट्रॉनवर, म्हणजे सोबत अख्खे ब्राउझर-इंजिन आणणाऱ्या सांगाड्यावर, बांधलेले आहे. ४ जीबी रॅमच्या लॅबमधल्या यंत्रावर ब्राउझर आणि एडिटरच्या जोडीला तेही उघडले की यंत्र रडू लागते. सब्लाइम मर्ज चपळ आहे, मुदतीशिवाय वापरून पाहता येते, आणि बटणावर माउस नेला की मागे कोणती गिट कमांड चालणार ते दाखवते. शिकणाऱ्याला हे शेवटचे फार उपयोगी. व्हीएस कोडही आउटपुट पॅनेलमध्ये गिट निवडल्यावर चाललेली प्रत्येक कमांड दाखवतो. मात्र त्यासाठी यंत्रावर गिट आधी वेगळे बसवलेले हवे.

आपल्याकडे एक मुद्दा जास्तीचा. इंदुरात मराठी काय, हिंदी काय, लिपी देवनागरीच. त्यामुळे कोडमधल्या टिपा, अहवाल, कधी फायलींची नावेही देवनागरीत असतात. गिट गुई ‘टीके’ (Tk) या खिडक्या-बटणे काढणाऱ्या संचावर बांधलेले असल्याने लिनक्सवर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे विस्कटतात, डिफ (जुन्या-नव्या मजकुरातला फरक) वाचवत नाही. गिट कोला क्यूटी (Qt) या तशाच दुसऱ्या संचावर आहे, तिथे अक्षरे नीट जुळतात. टर्मिनलमध्ये फायलीच्या नावाऐवजी ३४०, २४४ असे आकडे आणि तिरक्या रेघा दिसल्या तर फाइल बिघडलेली नसते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते, आणि गिट ते बाइट अष्टमान पद्धतीत छापते. कोअर-डॉट-क्वोटपाथ ही सेटिंग फॉल्स केली की नाव सरळ दिसते.

क्लायंटवर ज्याचे खापर फुटते तो सर्वांत मोठा घोळ ओळींच्या शेवटाचा. विंडोज ओळ संपवताना सीआर आणि एलएफ अशी दोन अदृश्य चिन्हे घालते, लिनक्स आणि मॅक फक्त एलएफ. एकाने एक ओळ बदलली तरी डिफमध्ये अख्खी फाइल बदललेली दिसते, मर्ज करताना (दोघांचे काम एकत्र करताना) पानभर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे न जुळणारे बदल, येतात, आणि विंडोजवरून आलेली शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडची फाइल) उबुंटूवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडते. ही चिन्हे आपोआप बदलणारी, यंत्रावरची ऑटोसीआरएलएफ सेटिंग हा भरवशाचा उपाय नाही. काही क्लायंट स्वतःचे गिट सोबत आणतात. एका यंत्रावर दोन गिट आणि त्यांच्या सिस्टिम सेटिंग दोन असे होते. नियम रेपोतच ठेवावा. मुळाशी गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची फाइल (नावाआधी टिंब) करून पहिल्या ओळीत तारांकन, मोकळी जागा आणि ‘टेक्स्ट=ऑटो’ लिहावे; शेल स्क्रिप्टसाठी वेगळ्या ओळीत ‘ईओएल=एलएफ’. मग सर्वांनी आपापले काम पुश केल्यावर (सर्व्हरवर चढवल्यावर) एकानेच ‘गिट अ‍ॅड’ रीनॉर्मलाइज पर्यायासह (ओळींचे शेवट नव्या नियमाने पुन्हा नोंदवणाऱ्या) चालवून त्याचा स्वतंत्र कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करावा. त्यात दुसरे काही मिसळू नये, नाहीतर पुढे तो कमिट कुणालाच वाचता येणार नाही.

लॅबमध्ये आणखी एक भानगड असते. सगळे विद्यार्थी विंडोजच्या एकाच खात्याने लॉगिन करतात. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून पासवर्डने पुश बंद केले, त्यामुळे पासवर्डऐवजी वापरायचे टोकन विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठते. पुढच्या तासाला दुसरा विद्यार्थी पुश करतो तेव्हा तेच टोकन वापरले जाते आणि ४०३ ची नकार-सूचना येते. किंवा पहिल्यालाही त्या रेपोचा अधिकार असला तर पुश होते, पण त्याच्या खात्यातून. कमिटवरचे नाव मात्र टोकनमधून येत नाही, ते युजर-नेम आणि युजर-ईमेल या सेटिंगमधून येते. म्हणून लॅबमध्ये ही दोन्ही ग्लोबल ठेवू नयेत, प्रत्येक रेपोपुरती द्यावीत. उठताना कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन विंडोज क्रेडेन्शियल्सखालची गिटहबची नोंद काढून टाकावी. क्लायंटमधून नुसते साइन-आउट केल्याने ती जाईलच असे नाही.

निवड पक्की करण्याआधी तिन्ही प्रणालींवर एक चाचणी रेपो क्लोन करून (उतरवून घेऊन) पाहावा. एका फाइलीतले दोनपैकी एकच बदल स्टेज करता (पुढच्या कमिटसाठी निवडता) येतो का? मुद्दाम घडवलेला कॉन्फ्लिक्ट सोडवताना दोन्ही बाजू शेजारी दिसतात का? शेवटचा कमिट मागे घेता येतो का? बदल टाकून देणारे ‘डिस्कार्ड’ बटण दाबल्यावर काय होते हेही पाहावे, कारण तेच सर्वांत घातक. कमिट झालेले काम रीफ्लॉगमधून (गिटच्या यंत्रावरच्या नोंदवहीतून) सहसा परत आणता येते. ब्रँचवरून (कामाच्या शाखेवरून) सुटलेल्या कमिटच्या नोंदी मूळ सेटिंगप्रमाणे तिथे ३० दिवस राहतात. स्टेजही न केलेला बदल डिस्कार्ड केला तर गिटकडे त्याचा मागमूस नसतो. गिटहब डेस्कटॉप अशा फायली रिसायकल बिनमध्ये टाकतो, पण सगळे क्लायंट एवढे दयाळू नाहीत.

माझे मत विचाराल तर लॅबसाठी व्हीएस कोड आणि गिट कोला ही जोडी पुरे: दोन्ही मोफत, तिन्ही प्रणालींवर चालणारे, देवनागरी नीट दाखवणारे. विभागप्रमुखांनी सत्राच्या पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये हे दोन्ही बसवून घ्यावेत आणि प्रोजेक्टच्या कोऱ्या रेपोत ती गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल आधीच घालून द्यावी, ही विनंती.

आपला,
संगणकशास्त्राचा एक शिक्षक, इंदूर