संगमाजवळचा बर्फ

कराड,
१२ एप्रिल

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

काल मी फोन आपटला, त्याचं वाईट वाटतंय. आई म्हणाली, पोरगी एवढ्या हौसेनं दाखवत होती आणि तुम्ही ओरडलात. खरंय. पण आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तुझ्याकडे सात, तुझ्या मागे लख्ख ऊन, आणि तू म्हणतेस, "बाबा, मी आत्ता गोठलेल्या समुद्रावर उभी आहे." पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

त्याबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

तुझ्यामुळे गल्लीत मी फिनलंडवाला झालोय. लोक विचारतात, म्हणजे नॉर्वेच ना? मी सांगतो, बाबांनो, हा आधी स्वीडनच्या ताब्यात होता, १८०९ पासून रशियाच्या, आणि ६ डिसेंबर १९१७ ला स्वतंत्र झाला. क्षेत्रफळानं महाराष्ट्राहून मोठा, पण माणसं सगळी मिळून ५६ लाख. मुंबईच्या निम्मीसुद्धा नाहीत. आणि तळी १ लाख ८८ हजार! यावर जोशीकाका म्हणाले, "सगळं मिळून टीएमसी किती?" मी म्हटलं, काका, आता तरी रिटायर व्हा.

आत्याला सांगितलं की तिथे बायकांना १९०६ मध्येच मत मिळालं, युरोपात सगळ्यांच्या आधी, आणि पुढच्याच वर्षी १९ जणी निवडूनही आल्या. शिवाय त्यांच्या भाषेत 'तो' आणि 'ती' वेगळे नाहीत, दोघांनाही 'हॅन'च. तर म्हणाली, "मग मृणालला म्हणावं, परत येऊच नकोस." आई उठून आत गेली. तू तिचं मनावर घेऊ नकोस. म्हणजे दोघींचंही.

तू मागे त्या भाजलेल्या चीजचा फोटो पाठवला होतास ना, चावताना कुचकुच वाजतं म्हणालीस ते? ते पूर्वी गाय व्यायली की पहिल्या चिकाचं करायचे, असं वाचलं. म्हणजे खरवसाचंच भावंड की! आजी असती तर तिनं पहिला प्रश्न विचारला असता, गूळ घालतात का. तिचा खरवस म्हणजे वेलदोडा कमी, जायफळ जास्त, आणि बाबू वड्या पडायची वाट न बघता पातेल्यातूनच चमच्यानं खायचा.

बघ, आलाच तो.

मी पाटबंधाऱ्यात तेहेतीस वर्षं पाण्याची पातळी मोजली. त्यामुळे तुझा समुद्र का गोठतो हे मला लगेच पटलं. त्या आखातात नद्या इतकं गोडं पाणी ओततात की मीठ नावालाच उरतं, मग गोठायला किती वेळ. पण माझं नेमकं तिथेच अडलं. तुझं औलू नदीच्या मुखावर आहे. औलुयोकी जिथे समुद्रात शिरते तिथे वर सगळं पांढरं, सपाट दिसत असलं तरी खाली प्रवाह थांबलेला नसतो, तो बर्फ खालून खात असतो. पुलाखाली तसंच. एका माणसाला चालायला ५ सेंटीमीटर बर्फ हवा, मोटारीला २०, हे तू मला सांगितलंस. मान्य. पण ते आकडे थंडीतल्या कडक बर्फाचे. एप्रिलमध्ये जाडी तेवढीच भरते आणि आतला दम गेलेला असतो. तुझ्यासोबतची मुलं तिथली आहेत, त्यांना कळतं, असं तू म्हणालीस.

बाबूलाही संगमावरचा खड्डा न् खड्डा पाठ होता.

मी तेव्हा हेळवाकला होतो. तार दुसऱ्या दिवशी आली. ती वाचली, खिशात ठेवली, पट्टीवरची सकाळची पातळी बघून रजिस्टरमध्ये भरली, खाली सही केली, आणि मग एसटी पकडली. असं का केलं, विचारू नकोस. अक्षर अगदी नीट आलं होतं.

जगातला पहिला जीएसएम फोन तुझ्याच त्या देशात लागला, १ जुलै १९९१ ला. आपल्याकडे तेव्हा ट्रंक कॉल लावून लोक दुपारभर बसून राहायचे. आता तू तिथे ६जीवर काम करतेस, जोशीकाकांना मी ते दोनदा सांगितलंय (त्यांना ४जीसुद्धा दिसत नाही), आणि तुझा चेहरा समोर लख्ख दिसत असताना फोन आपटणारा मीच.

लेक्चर झालं. माफ कर. डिसेंबरात साडेतीन तासांचा दिवस होता तेव्हा मी काही बोललो का? कोटाला रिफ्लेक्टर लाव, एवढंच. "रोज बोलत होतात," असं आई इथे शेजारून म्हणतेय.

एका गोष्टीनं मात्र बरं वाटलं. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरलं म्हणून तिथली जमीन अजून वर येतेय, दर वर्षी सुमारे ८ ते ९ मिलिमीटर, आणि समुद्र मागे हटतोय. मी हिशोब केला. तुझ्या शिक्षणाच्या दोन वर्षांत पावणेदोन सेंटीमीटर. तेवढ्यावर मला झोप लागेल असं वाटत नाही.

तिथे 'नास्कालित' मिळतात, चपला शिवायच्या आरीसारखे दोन टोचे, दोरीनं गळ्यात घालायचे. बर्फ फुटला तर कडेला रोवून स्वतःला बाहेर ओढता येतं. घेऊन ठेव. आणि एकटी जाऊ नकोस. आणि ११२ नंबर. नाही, मी जा म्हणत नाहीये. जाणारच असशील तर, म्हणून. जाऊच नकोस, हे खरं म्हणणं, पण ते तू ऐकणार नाहीस. तू माझ्यावर गेलेली नाहीस, कोणावर गेलीस ते आजीनं तू चार वर्षांची असतानाच सांगितलं होतं.

तो कालचा फोटो, हात पसरून उभी आहेस तो, मी फोनवर लावून घेतलाय. सकाळी दूधवाल्यालाही दाखवला. त्यानं विचारलं, मीठ आहे का हे? मी म्हटलं, समुद्र आहे. माझी मुलगी उभी आहे त्यावर.

इथे ऊन मी म्हणतंय, टाकी दुपारी हात भाजेल इतकी तापते. आईनं भाजणी आणि मेतकूट पाठवलंय, मेतकुटाचा डबा दोन पिशव्यांत आहे, आधी तो उघड. पोचलं की कळव.

रविवारी फोन कर. मी उचलेन, आपटणार नाही. फक्त उभी कुठे आहेस ते आधी सांग.

तुझे,
बाबा